तीच ती रायफल

कारकुनाच्या नावाने काय काय निघू शकतं, याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे. मेमो निघतो. बदलीची ऑर्डर निघते. सोसायटीच्या मीटिंगला गैरहजर राहिलं, तर खजिनदारपद निघतं. पण कारकुनाच्या नावाने बंदूक निघावी हे काही माझ्या कल्पनेत बसणारं नव्हतं. आणि तशी ती निघालेली आहे. शिकागोच्या सिअर्स, रोबक आणि कंपनीत १८९८ साली जॉन हिगिन्स नावाचे एक गृहस्थ हेड ऑफिसातल्या हिशेबनीसांचे प्रमुख म्हणून नोकरीला लागले. १९०८ साली कंपनी खेळाच्या सामानासाठी एखादं भारदस्त नाव शोधत होती. चर्चेत कुणीतरी हिगिन्सचं नाव सुचवलं आणि हिगिन्स 'माझी हरकत नाही' म्हणाले. अडचण एकच होती. त्यांच्या नावात मधलं अक्षर नव्हतं. तेव्हा कंपनीने स्वखर्चाने एक 'सी' लावून दिला आणि जे. सी. हिगिन्स हा ब्रँड जन्माला आला. पुढे या नावाचे बेसबॉलचे हातमोजे निघाले, सायकली निघाल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रायफलीही निघाल्या. हिगिन्स स्वतः १९३० साली कंट्रोलर होऊन शिस्तीत निवृत्त झाले. खतावणी लिहिता लिहिता अमर झालेला दुसरा इसम माझ्या तरी माहितीत नाही.

हे ज्ञान मला झालं ते ओहायो राज्यात. २०२३ च्या ऑक्टोबरात शिल्लक रजा गोळा करून मी ताईकडे गेलो होतो. ताई आणि भावोजी गेली अठरा वर्षं डेटन शहराच्या कडेला राहतात. अमेरिकेला गेलेला माणूस नायगारा बघतो. मी शेजारच्यांचं गॅरेज बघितलं. (नायगाराही बघितला. पाणी भरपूर आहे.)

शेजारी शहात्तर वर्षांचे एक निवृत्त मशिनिस्ट राहत होते. ताई त्यांना सरळ पहिल्या नावाने हाक मारायची. तिथे तशीच पद्धत आहे म्हणे. मला काही ते जमेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची तर जीभच वळत नाही. तेव्हा तोंडावर मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि मनात 'आजोबा'. तरुणपणी त्यांनी डेटनच्या प्रसिद्ध कॅश रजिस्टरच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. एकाने पैसे मोजायची यंत्रं बनवली आणि दुसऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, एवढं भांडवल गट्टी जमायला पुरेसं होतं. शिवाय दोघांनाही दुपारी झोप येत नव्हती. त्यांना वयामुळे आणि मला साडेनऊ तासांच्या फरकामुळे.

त्यांच्या गॅरेजात टेबलावर एक जुना टॉवेल अंथरलेला होता आणि त्यावर एक रायफल पोट फाडून ठेवली होती. बंदुकांशी माझा संबंध म्हणाल तर आमच्या शाखेच्या गार्डच्या बारा बोअरपुरता. गार्ड माजी सैनिक आहेत. त्यांची बंदूक आणि त्यांची मिशी, दोन्हींकडे आम्ही आदराने आणि लांबून बघतो. महिन्याला रजिस्टरात काडतुसं मोजून 'बरोबर' असा शेरा मारायचा, एवढीच माझी शस्त्रविद्या. त्यामुळे आजोबांनी जेव्हा कौतुकाने मला नळीवर कोरलेलं हिगिन्सचं नाव दाखवलं आणि त्या हिशेबनिसाची गोष्ट सांगितली, तेव्हा प्रथमच मला एखाद्या शस्त्राबद्दल घरचेपणा वाटला.

ही रायफल त्यांच्या वडिलांनी साधारण १९५० साली सिअर्सच्या कॅटलॉगमधून टपालाने मागवलेली होती. पॉइंट टू टूची, अर्धस्वयंचलित. म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि रिकामी नळकांडी बाहेर फेकून पुढची गोळी आत घ्यायचं काम ती आपलं आपण करते. या गोळीला रिमफायर म्हणतात. आपल्या गार्डच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते, हिला ती नसते. ठिणगीची दारू बुडाच्या कडेच्या घडीत भरलेली असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. स्वस्त, छोटी, खार-सशापुरती गोळी. १८८७ साली स्टीव्हन्स नावाच्या कंपनीने ती आजच्या रूपात आणली आणि अजून तीच चालते. गोळी सुटली की तिचाच धक्का मागच्या जड बोल्टला बसतो, बोल्ट मागे जातो, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. आमच्या ऑफिसातली फाइल अशीच चालते. खालून धक्का बसला की वर जाते, वरून दाब आला की खाली येते. फरक इतकाच की रायफलीत या प्रवासाच्या शेवटी काहीतरी घडतं.

या विशिष्ट रायफलीची एक गंमत होती. चाप ओढला की बोल्ट मागे जाऊन तिथेच थांबायचा. चाप सोडला की मग पुढे यायचा. त्यामुळे एका गोळीला दोन आवाज. लोक तिला 'क्लिक-क्लॅक' म्हणत. बाजूला माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा होत्या म्हणून कुणी 'कल्लेवाली'ही म्हणत. एवढी टोपणनावं असलेल्या व्यक्तीचं खरं नाव कुणाला माहीत नसतं, आणि इथे तेच झालं होतं. नाव हिगिन्सचं, विकली सिअर्सने आणि बनवली मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या चिकपी फॉल्सच्या त्याच स्टीव्हन्सच्या कारखान्यात. स्टीव्हन्सला १९२० सालीच सॅव्हेज कंपनीने विकत घेतलेलं. म्हणजे नवऱ्याचं नाव एक, माहेरचं दुसरं, आणि माहेर आधीच तिसऱ्या घरात दत्तक गेलेलं.

याचा त्रास होतो पार्ट शोधताना. हिगिन्सच्या नावाने पार्ट मागितला तर कुणी उभं करत नाही. आधी माहेर शोधावं लागतं. रायफलीवर मॉडेलचा जो आकडा असतो त्याच्या सुरुवातीला १०१ असेल तर ती सॅव्हेजच्या घरची, ५८३ असेल तर हाय स्टँडर्ड कंपनीची. मग स्टीव्हन्सच्या पोटनावाने मॉडेल ८७ हुडकायचं. न्यूयॉर्क राज्यात न्यूमरिच नावाची कंपनी आहे. बंद पडलेल्या कारखान्यांचा शिल्लक माल आणि मोडीत काढलेल्या बंदुकांचे अवयव विकणं हा तिचा धंदा. आपल्या कुर्ल्याचा मोटारींचा भंगारबाजार घ्या, तो साबणाने धुवा, प्रत्येक नटबोल्टला नंबर द्या आणि कॅटलॉग छापा. त्या कॅटलॉगमध्ये रायफल अशी उकलून काढलेली असते की एकेक स्क्रू हवेत तरंगतोय. शेजारी यादी. आणि यादीत तुम्हाला हवा असलेला नेमका पार्ट संपलेला. बाकी सगळे मिळतात. हा नियम डेटनपासून बुधवार पेठेपर्यंत एकच आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

आजोबांनी या रायफलीवर चाळीसेक वर्षं खटपट केलेली होती. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे रिकामी नळकांडी ओढून काढणारी नखी, ती दोनदा बदललेली. स्प्रिंग तीनदा. फायरिंग पिन बदलली, गोळी वर उचलणारा चमचा बदलला, गोळ्यांची आतली नळी बदलली. लाकडी दस्ता तडकला तेव्हा दुसऱ्या एका मेलेल्या रायफलीचा दस्ता बसवला. मी कॉमर्सचा पदवीधर. घसारा वजा करता करता माझ्या मनात आपोआप जमाखर्च तयार झाला. वडिलांच्या वेळचं शिल्लक काय? नळी, रिसीव्हर आणि पोटातला एक खटका.

"मग ही तुमच्या वडिलांचीच रायफल कशी?" मी विचारलं.

हा प्रश्न माझा नव्हे, याची मला कल्पना आहे. तो फार जुना आहे. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायचे. शेवटी तत्त्वज्ञ मंडळी दोन पार्ट्यांत वाटली गेली. एक म्हणे जहाज तेच, दुसरी म्हणे नव्हे. त्याच्याही आधी आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारलं होतं, महाराज, रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेला आणि शेवटी रथ हे नुसतं एक म्हणायचं नाव आहे, इथवर आला. पायी आलो म्हणाला असता तर सुटला असता.

पण या बाबतीत सगळ्यात सोपं आणि सगळ्यात गूढ उत्तर पुरीच्या जगन्नाथाकडे आहे. तिथल्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. अधिक आषाढ आला की नवकलेवर होतं. नव्या मूर्ती घडवतात, जुन्यांना पुरतात. मागच्या खेपेला २०१५ साली झालं, त्याआधी १९९६ साली. सगळं लाकूड नवं. फक्त जुन्या मूर्तीतला 'ब्रह्मपदार्थ' रात्रीच्या अंधारात, डोळ्यांना पट्टी बांधून, नव्या मूर्तीत ठेवला जातो. तो गेला की देव तोच. म्हणजे एवढासा काहीतरी भाग 'तोच' असला की बाकीच्याला बदलायची मुभा.

आता तुम्ही म्हणाल, देवाच्या गोष्टीत बंदूक कुठे आणलीस? मी नाही आणली, अमेरिकन सरकारने आणली. १९६८ च्या तिथल्या बंदूक कायद्याने हेच केलेलं आहे. कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे नळी नव्हे, दस्ता नव्हे, चापही नव्हे. बंदूक म्हणजे रिसीव्हर. सगळे पार्ट ज्यात बसतात ती मधली धातूची पेटी. तेव्हापासून नंबर घालायची सक्ती आहे ती तिच्यावर. बाकी सगळे अवयव तुम्ही टपालाने मागवा, कुणी विचारणार नाही. ती पेटी मात्र परवानेवाल्या दुकानदाराच्या हातूनच घ्यायची. १९६३ साली केनेडींवर झाडलेली रायफल कॅटलॉगमधून टपालाने आलेली होती, त्यानंतर पाच वर्षांनी आणि आणखी दोन मोठ्या हत्यांनंतर हा कायदा झाला. मला गंमत वाटली ती अशी की अडीच हजार वर्षं तत्त्वज्ञांना न सुटलेला प्रश्न संसदेतल्या वकिलांनी एका व्याख्येत सोडवून टाकला. (रिसीव्हर या शब्दाने मात्र माझा गोंधळ झाला. कॉमर्सवाल्याच्या लेखी रिसीव्हर म्हणजे बुडीत कंपनीवर कोर्टाने नेमलेला माणूस. त्याच्यावर नंबर कुठे घालणार!) आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा अद्वैती आहे. त्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच, आणि बंदूक दुरुस्त करायचा धंदा करायचा तर त्यालाही परवाना.

आजोबांनी मला रिसीव्हर उलटासुलटा करून दाखवला. त्यावर नंबरच नव्हता. १९६८ च्या आधीच्या कितीतरी स्वस्त रायफलींवर तो नसतो. म्हणजे ब्रह्मपदार्थ आहे, पण त्याला खाते क्रमांक नाही. माझ्यासारख्याच्या पोटात गोळा आला.

कारण आमच्या धंद्यात माणूस म्हणजे नंबर. पत्ता बदलतो, सही बदलते, लग्नानंतर नाव बदलतं, नॉमिनी तर रागलोभाप्रमाणे बदलतात. खाते क्रमांक तोच तर माणूस तोच. आणि आम्ही स्वतः? १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. त्यातल्या एकीत मी होतो. (तारीख सरकारने निवडली, मी काही बोलत नाही.) संध्याकाळी एका बँकेत झोपलो, सकाळी दुसरीत उठलो. पाटी बदलली, आयएफएससी बदलला, पासबुकाचा रंग बदलला. खुर्ची तीच, पंखा तोच आणि त्याचा आवाजही तोच. पुढे लॉकडाऊन उठल्यावर एका जुन्या खातेदारांनी काउंटरवर वाकून विचारलं, "काय हो, तुम्ही तेच ना?" मी 'हो' म्हटलं. पण नक्की कशाच्या जोरावर म्हटलं, याचा विचार मी अजून करतोय.

असो. आजोबांना मी हे सगळं माझ्या इंग्रजीत ऐकवलं. थिसियस, मिलिंद, जगन्नाथ, विलीनीकरण. ते शांतपणे ऐकत होते आणि एका छोट्या खटक्याला तेल पुसत होते. मग म्हणाले, "तुम्ही फार विचार करता. माझी अडचण वेगळी आहे."

त्यांची अडचण म्हणजे तो खटका. त्याला सिअर म्हणतात. ओढलेल्या बोल्टला तो धरून ठेवतो आणि चाप दाबला की सोडतो. रायफलीतला हा सगळ्यात क्षुल्लक दिसणारा तुकडा. आकार सुपारीच्या खांडाएवढा. पण एका वेळी एकच गोळी सुटणार की आणखी, हे त्याच्या कडेवर ठरतं. त्यांच्या वडिलांना चाप जड वाटायचा. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, छोट्या आजोबांच्या देखत, त्या सिअरची कड कानशीने घासून हलकी केली होती. कानशीचे ते ओरखडे अजून दिसत होते. तिरके, जरा घाईचे. पासष्ट-सत्तर वर्षांत कड झिजून गोल झाली, आणि त्या उन्हाळ्यात आजोबांनी तपासायला दोन गोळ्या भरून एकदा चाप ओढला, तर दोन्ही सुटल्या.

ही रायफल त्यांना नातीला द्यायची होती. नात बारा वर्षांची.

आता बघा प्रश्न कसा आहे. नळी वडिलांनी विकत घेतलेली, रिसीव्हर विकत घेतलेला. ते कारखान्यातून आले, तसे आणखी हजारोंकडे गेले. वडिलांचा हात लागलेला, वडिलांची चूक आणि हौस दोन्ही ज्यात शिल्लक आहे असा तुकडा एकच, आणि धोका नेमका त्यातच. कायद्याचा ब्रह्मपदार्थ रिसीव्हर असेल, मुलाचा ब्रह्मपदार्थ तो होता.

मी त्यांना आपला मध्यमवर्गीय तोडगा सुचवला. आपल्या घरात न टाकवणाऱ्या आणि न वापरवणाऱ्या वस्तूंचं जे होतं तेच. "भिंतीवर टांगा. चालवू नका. हार घाला हवं तर."

ते म्हणाले, "ही चालवायची नाही, हे मला माहीत आहे. भिंतीला माहीत नाही. मी गेल्यावर कुणीतरी ती उतरवणार. त्याला कोण सांगणार की हिचा खटका खोटं बोलतो?"

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण ताईकडचं एक मनात होतं. माझा भाचा तिथल्या शाळेत सहावीत. एके दिवशी जेवताना तो सहज सांगत होता, आज आमची लॉकडाऊनची ड्रिल झाली. बंदूकवाला शाळेत शिरला तर दिवे घालवायचे, दाराला आतून कडी लावायची, कोपऱ्यात बसायचं आणि बोलायचं नाही. आपण 'आज पीटी झाली' म्हणतो त्या सुरात. पुढे म्हणाला, "मला शिंक आली होती, पण मी दाबली." ताई वाढता वाढता थांबली. भावोजींनी ताटातला घास उगाच दोनदा कालवला. त्या रात्री मला फरकामुळे नव्हे, तर खरीच झोप आली नाही. ती शिंक माझ्या डोक्यात बसली होती.

तेव्हा मी धीर करून विचारलं, "सर, दुरुस्त करूच नये, असं नाही का होऊ शकत? कापून टाकली तर?"

मला वाटलं म्हातारा चिडेल. तो चिडला नाही. "तोही एक मार्ग आहे," ते म्हणाले. "माझी मुलगीही तेच म्हणत होती. दोन वर्षं म्हणत होती." बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही खेळणं आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. छोटी गोळी आहे म्हणून कुणी मरत नाही असंही नाही. म्हणून तर सिअर बदलतोय."

हे उत्तर मला पटलं का? अर्धंच. घरोघर बंदुका नसाव्यात, असं माझं मत तिकडे जाण्यापूर्वीही होतं आणि परत आल्यावरही आहे. आमच्या गार्डनाही ती आठ तास सांभाळून घरी जाताना हलकं वाटतं, असं ते स्वतः सांगतात. पण एक मला कबूल करायला हवं. वस्तू तीच आहे की नाही हा प्रश्न मला पडला, कारण मला ती कुणाच्या हातात द्यायची नव्हती. ज्याला ती उद्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायची आहे, त्याला थिसियसचं जहाज परवडत नाही. तो बघतो की चाप एकदा ओढला तर गोळी एकदाच सुटते का. तत्त्वज्ञांचं बरं होतं. त्यांना त्या जहाजात कुणाला बसवायचं नव्हतं.

दुसरा सिअर न्यूमरिचकडून आला. जुनाच, कुठल्यातरी मेलेल्या स्टीव्हन्सच्या पोटातला, पण कोणीही कानस न लावलेला. तो बसवण्यात तीन दुपारी गेल्या. पिना पितळी पंचाने ठोकून काढायच्या, कारण लोखंडी पंचाने डोकी चेपतात. स्प्रिंग उडून कपाटामागे जाते, मग दोघांनी जमिनीवर आडवं होऊन बॅटरीने शोधायची. या शेवटच्या कामात माझा वाटा मोठा होता. बसवल्यावर आधी रिकाम्या रायफलीवर पाहणी. तीही बेताने, कारण रिमफायर रिकामी झाडत बसलं की पिन थेट नळीच्या काठावर आपटते आणि दोघंही बिघडतात. मग आम्ही गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा, आणि मी सुरक्षित अंतरावर, म्हणजे आजोबांना वाटलं त्याच्या दुप्पट. त्यांनी आधी एकच गोळी भरली. ठाप. मग खट्. मग दोनच गोळ्या भरल्या. एकदा चाप ओढला. मी श्वास धरला होता. एकच सुटली. असं त्यांनी पंचवीस वेळा केलं. दर वेळी दोनच गोळ्या, दर वेळी पहिलीनंतर थांबून, चाप सोडून, बोल्ट पुढे आल्याचा आवाज ऐकून. आमच्याकडे रोकड मोजताना शंभराच्या नोटांचं बंडल मशीनमधून निघाल्यावरही जुने कॅशियर हाताने मोजायचे, त्याची आठवण झाली.

परतल्यावर त्यांनी कॉफीचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. त्यात चाळीस वर्षांत बदललेले सगळे पार्ट होते. मोडक्या नख्या, दमलेल्या स्प्रिंगा, वाकलेली पिन. थिसियसच्या जहाजावर पुढे हॉब्ज नावाच्या इंग्रजाने आणखी एक पेच टाकलेला आहे. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्यांचंच दुसरं जहाज बांधलं, तर खरं जहाज कुठलं? ते जहाज या डब्यात होतं. मला वाटलं, वडिलांचा सिअर आता यात पडणार. पण त्यांनी तो आधी व्हाइसमध्ये धरला आणि हॅकसॉने मधोमध कापला. पोलाद पक्कं होतं, दहा मिनिटं लागली. मग दोन्ही तुकडे कापडाने पुसून डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

"आता कुणाला बसवता येणार नाही," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही फुटबॉलबद्दल बोललो, म्हणजे ते बोलले. मला ते अजून कळलेलं नाही.

रायफल नातीला दिली ती मी निघायच्या आदल्या रविवारी, तिच्या आईसमोर. आईने आधी कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार ते ठरवून घेतलं. तिच्याकडे. मुलीने नळीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, हा हिगिन्स कोण, आपला नातेवाईक का? मी पुढे होऊन सांगितलं, माझा.

दिवाळीच्या आत मी परत आलो आणि नोव्हेंबरच्या गर्दीत सापडलो. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी स्वतः जिवंत असल्याचं सिद्ध करायला रांगेत उभी असतात. हल्ली हे बोटाच्या ठशाने होतं. आमच्या एका आजींचा ठसा काही लागेना. वय चौऱ्याऐंशी. दोन्ही गुडघे बदललेले, दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं, दातांची कवळी, कानात मशीन. आयुष्यभर भांडी घासून आणि चटण्या वाटून बोटांवरच्या रेघा पुसट झालेल्या. उजवा अंगठा झाला, डावा झाला, आठ बोटं झाली. यंत्र दर वेळी तांबडा दिवा लावून सांगायचं की या बाई त्या बाई नव्हेत.

आमचे साहेब नवे, बिहारकडचे, सज्जन. त्यांनी कागदी फॉर्म काढला, सहीचा जुना नमुना उघडला. १९८८ सालचा नमुना, ठसठशीत. आजींनी आत्ता केलेली सही मुंगीच्या वाटेसारखी. साहेबांनी दोन्हींकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आप इनको पहचानते हैं?"

"हो," मी म्हटलं. "बारा वर्षं."

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि स्वतःची सही केली. शिक्का मारला.

"झालं का रे?" आजींनी विचारलं. "आहे का मी हयात?"

"आहात आजी. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत."

"बरं. मग पासबुक भरून दे," आजी म्हणाल्या. "आणि व्याजाचं नीट बघ. मागल्या वेळी पुसट आलं होतं."